पंचेचाळीस दिवसांची मुदत

माझा धाकटा भाऊ गाव्रिल तुरुंगातून सुटला ती सप्टेंबरची तीन तारीख, आणि आई गेली ती दहा. आज हे एका ओळीत लिहिता येतं. पण त्या दिवसांत आमच्या घरात ती तीन तारीख कुणाच्या लक्षातच राहिली नव्हती. घरात मरण झालं की दिवस तिथूनच मोजतात, आणि मीही तिथूनच मोजले. चूक माझी होती. म्हणून हे मीच लिहायला हवं.

आमच्या वकीलबाई, स्त्रिंबू, यांनी तो सुटायच्या आधीच मला फोनवर नीट समजावलं होतं. "प्रोफिराताई, कागद घ्या, लिहून घ्या. इटलीनं तुमच्या भावाला आपल्या ताब्यात दिलं ते लाकूडचोरीच्या शिक्षेसाठी. ज्या गुन्ह्यासाठी मागून आणलं त्याचीच शिक्षा द्यायची, आधीच्या दुसऱ्या गुन्ह्याला हात लावायचा नाही, असा युरोपभर नियम आहे. म्हणजे डोळ्याचा खटला आज चालवता येत नाही. कळलं?"

"कळलं."

"पण हे कायमचं नाही. सुटल्यापासून पंचेचाळीस दिवसांत त्यानं देश सोडायचा. जायची मोकळीक असून राहिला, तर ते संरक्षण संपलं. डोळ्यासाठी इटलीकडे वेगळी मागणी करता येते, पण अकरा वर्षांत कुणी केली नाही, आता कोण करतंय."

मी पंचेचाळीस हा आकडा लिहून घेतला. कशापासून पंचेचाळीस, ते लिहिलं नाही.

डोळ्याचा खटला म्हणजे इलारिएचा. अकरा वर्षांपूर्वी लाकडाच्या गिरणीत गाव्रिलची आणि त्याची बाचाबाची झाली. चोरून तोडलेल्या झाडांची खबर वनरक्षकाला इलारिएनं दिली, असं गाव्रिलच्या डोक्यात बसलं होतं. ओंडके ओढायची साखळी गाव्रिलच्या हातात होती. इलारिएचा उजवा डोळा गेला. साखळी निसटली, असं गाव्रिल म्हणाला, आणि त्याच आठवड्यात इटलीला निघून गेला. पुढे लाकडाच्या खटल्याचा निकाल त्याच्या माघारी लागला, डोळ्याचा खटला नुसता पडून राहिला. इटलीला मागणीचा कागद गेला तो निकाल तयार असलेल्या खटल्याचाच. त्यावर गाव्रिलला ब्रेशियात धरलं, विमानानं आणलं, आणि दीड वर्ष आत ठेवलं.

तो घरी आला तेव्हा आई अंथरुणालाच खिळली होती. सातव्या दिवशी ती गेली. जायच्या आदल्या सकाळी तिनं गाव्रिलला जवळ बोलावलं.

"पाणी तू वाहायचंस."

"मी? आई, हे बायकांचं काम. प्रोफिराताई आहे ना."

"प्रोफिरा माझ्यासाठी रोज प्रार्थना करतेच. पाणी तू वाहा. आणि इलारिएच्या दारात ने."

गाव्रिलनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्या अकरा वर्षांत आई दर रविवारी इलारिएकडे काहीतरी शिजवून न्यायची. मी कधी गेले नव्हते. माझी चर्चच्या वेदीसाठी भाकर भाजायची असते, पहाटेचं स्तोत्र असतं, बुधवार-शुक्रवारचा उपास असतो. वेळ होत नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

आमच्या ओल्तेनिया प्रांतात मेलेल्या माणसासाठी चाळीस दिवस पाणी वाहतात. झऱ्यावरून रोज एक बादली, दुसऱ्या कुणाच्या तरी एकाच दारात. घेणाऱ्यानं म्हणायचं, देव तिला क्षमा करो. तसं म्हटलं की ते पाणी पोचलं. काठीवर एक खाच करायची. चाळिसाव्या दिवशी झऱ्यावर पाणी सोडायचं, आणि ज्याच्या दारात पाणी गेलं त्यानं सगळ्यांसमोर साक्ष द्यायची की चाळीसच्या चाळीस पोचलं. दोन बादल्या एका दिवशी चालत नाहीत. हात बदललेला चालत नाही.

पहिल्या दिवशी, अकरा तारखेला, मी गाव्रिलबरोबर गेले. इलारिएनं दार उघडलं. केस पांढरे झालेले, उजवी पापणी शिवल्यासारखी मिटलेली. त्यानं बादलीकडे पाहिलं, गाव्रिलकडे नाही.

"कोणासाठी?"

"आईसाठी," गाव्रिल म्हणाला.

मग इलारिए म्हणाला, "देव तिला क्षमा करो," आणि बादली आत नेऊन मडक्यात ओतली. रिकामी बादली उंबऱ्यावर ठेवताना तो म्हणाला, "बूड गळतंय. अर्धं पाणी रस्त्याला पाजलंस."

दुसऱ्या दिवशी गाव्रिलनं बुडाला डांबर लावलं.

घरी आल्यावर मी हेझेलच्या काठीवर पहिली खाच केली आणि म्हणाले, "वकीलबाईंचे पंचेचाळीस, आपले चाळीस. पाच दिवस उरतात. तुझं सामान बांधायला पुरे."

"पाच दिवसांत मी काय बांधणार, ताई? एक पिशवी आहे," तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

दिवस गेले. मी पहाटे उठून उपाशीपोटी स्तोत्र म्हणे, मग भट्टी पेटवून रविवारच्या भाकरीचं पीठ मळी, किंवा बीन्स निवडायला घेई. तोपर्यंत गाव्रिल पाणी देऊन आलेला असे. शेजारची साव्हेतामावशी कुंपणावरून रोज विचारायची, "आज काय म्हणाला एकडोळ्या?"

"मावशी, असं म्हणू नये."

"अगं, तो स्वतःच म्हणतो! मला म्हणाला, साव्हेता, मला तू अर्धीच दिसतेस, आणि अर्धीसुद्धा जास्तच आहे."

गाव्रिलनं येऊन सांगितलेलं मी लक्षात ठेवत असे. दहाव्या दिवशी इलारिएनं त्याला आत घेतलं, कारण मडकं उचलायचं होतं. अठराव्या दिवशी विचारलं, इटलीत घरं कशी बांधतात. सत्ताविसाव्या दिवशी त्सुइकाचा, आलुबुखाराच्या दारूचा, पेला पुढे केला. गाव्रिलनं सकाळी नको म्हटल्यावर तो म्हणाला, "तुरुंगानं एक तरी चांगली सवय लावली म्हणायची." माफीचा शब्द दोघांपैकी कुणीच काढला नाही. मलाही विचारायचा धीर झाला नाही.

ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला, पस्तिसावं पाणी झाल्यावर, मी बसनं शहरात गेले. गाव्रिलच्या नव्या ओळखपत्राचा कागद वकीलबाईंकडे आला होता. त्यांनी मला पाहिलं आणि चष्मा काढला.

"तुम्ही अजून इथे? म्हणजे तो अजून इथे?"

"अजून दहा दिवस आहेत ना. पाणी संपलं की निघेल."

"कसलं पाणी? प्रोफिराताई, अठरा तारखेला मुदत संपते. आणखी तीनच दिवस."

मी म्हणाले, आई दहा तारखेला गेली, अकरापासून धरले तर...

"आई कधी गेली हे कायद्याला ठाऊक नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "त्याला तुरुंगाचं दार ठाऊक. तीन सप्टेंबर."

मी बोटांवर मोजलं. सोळा, सतरा, अठरा. तीन दिवस उरले होते, आणि पाणी पाच बादल्या. एकोणीस आणि वीसचं पाणी मुदतीच्या पलीकडे पडत होतं.

"काहीच मार्ग नाही?"

वकीलबाईंनी एक जाड फाईल ओढली, मग तशीच ठेवून दिली. "मार्ग आहे आणि नाहीही. त्याला चांगल्या वागणुकीवर सोडलंय, शिक्षा कागदावर मार्चपर्यंत आहे. नियम म्हणतो 'अंतिम सुटका'. आता अंतिम म्हणजे दार उघडलं तो दिवस की शिक्षा संपली तो दिवस? एक कोर्ट म्हणतं सप्टेंबर, दुसरं म्हणतं मार्च. मी मार्चच्या बाजूनं भांडू शकते. वर्षानुवर्षं भांडू शकते. जिंकेन असं वचन देऊ शकत नाही."

"ज्यांनी नियम केला त्यांनाही माहीत नाही?"

"सत्तावीस-अठ्ठावीस देशांनी मिळून केलाय. प्रत्येकाला आपापल्या परीनं माहीत आहे." त्या हसल्या, पण ते हसू नव्हतं. "जुगार खेळू नका. अठराच्या आत त्याला सीमेपार करा. डोळ्याला पाच-सात वर्षं होतील."

परतीच्या बसमध्ये मी जपमाळ हातात धरली, पण एक मणीही पुढे सरकला नाही. मी घरी गेले नाही. थेट चर्चच्या आवारात गेले. फादर दोरिन पायऱ्या झाडत होते.

"फादर, उरलेलं पाणी मी वाहिलं तर चालेल?"

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "पाणी ही गावाची रीत, चर्चची नाही. पाणी वाहिलं नाही तरी तुझ्या आईसाठी मी प्रार्थना करेन, आणि देव ती ऐकेल. गाव्रिलला जायचं असेल तर पाप नाही."

मला हेच ऐकायचं होतं. तरी मी तिथेच उभी राहिले.

"पण?" मी म्हणाले.

"पण मी काही म्हटलंच नाही," फादर म्हणाले आणि पुन्हा झाडायला लागले.

मग मी इलारिएच्या दारात गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा, रिकाम्या हातानं. तो ओसरीवर अक्रोड फोडत बसला होता.

"बस, प्रोफिरा. पाणी नाही आणलंस?"

"इलारिएदादा, शेवटची दोन पाणी मी आणली तर घेशील का? आणि विसाला झऱ्यावर साक्ष देशील का?"

"कुणी आणलं म्हणून?"

त्यानं दगड खाली ठेवला आणि दाराच्या चौकटीकडे बोट केलं. चौकटीच्या आतल्या बाजूला खडूनं बारीक रेघा ओढल्या होत्या. पाचापाचाचे जुडगे. मी मोजले. बेचाळीस.

"माझ्याही वकिलानं मला सांगितलंय," तो म्हणाला. "तीन सप्टेंबरपासून. तुम्ही पाणी मोजत होता, मी हे."

"तू त्याला बोलला नाहीस."

"का बोलू? तो रोज यायचा, मी म्हणायचो देव तिला क्षमा करो, आणि ते मनापासून म्हणायचो. तुझ्या आईनं मला भरवलंय, प्रोफिरा, पट्टी सुटेपर्यंत चमच्यानं. मग तो गेला की रेघ ओढायचो. तेही मनापासून."

"त्याला तुरुंगात धाडायचंय तुला."

"तुला तेवढंच दिसतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. "अकरा वर्षांत मला कुणी विचारलं नाही काय झालं. पोलिसानं दवाखान्यात अर्धं पान लिहून नेलं, मी गुंगीत होतो. नंतर कोर्ट म्हणालं, आरोपी देशात नाही. मग आरोपी आला, तर म्हणालं, याला तर आम्ही लाकडासाठी आणलाय, तुझ्यासाठी नाही. मी म्हटलं, बरं, मी झाडाहून स्वस्त. एकदा एका न्यायाधीशानं मला समोर उभं करून विचारावं, काय झालं. मग त्याला सोडेनात का. मला एवढंच हवंय."

मी उठले. त्यानं मूठभर अक्रोड माझ्या एप्रनमध्ये टाकले. "खोटी साक्ष देणार नाही मी. झऱ्यावर तर नाहीच."

घरी येऊन मी गाव्रिलला सगळं सांगितलं. माझी मोजायची चूक, वकीलबाईंचं म्हणणं, चौकटीवरच्या रेघा, इलारिएचं बोलणं. काही गाळलं नाही. गाळावंसं वाटलं, पण गाळलं नाही. तो मक्याच्या पिठाचा घट्ट मामालिगा दोऱ्यानं कापत होता. त्याचा हात मध्येच थांबला.

"बेचाळीस?"

"हो."

"आणि रोज मला विचारायचा, आज झोप लागली का." तो हसायला गेला आणि हसणं अर्ध्यावर राहिलं.

सोळाला त्यानं पाणी नेलं. सतराला नेलं. मी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. ब्रेशियाहून त्याची बायको मिरेला दोनदा फोनवर रडली. "तू आलास की मी सगळं विसरेन, फक्त बसमध्ये बस. तुझी मुलगी रोज विचारते." त्यानं फोन ठेवला आणि अंगणात जाऊन लाकडं फोडली. गरज नव्हती, लाकडं भरपूर होती.

अठराच्या सकाळी पाणी देऊन आल्यावर तो माझ्यासमोर बसला.

"बस दुपारी दोनला आहे ना?"

"दोनला."

"ताई, मी गेलो तर काय होईल ते मला माहीत आहे. मी गेलोय एकदा. नुसतं वेश बदलल्यासारखं वाटतं, आतलं काही बदलत नाही. आणि राहिलो तर काय होईल, ते कुणालाच माहीत नाही. वकीलबाईंनाही नाही. सप्टेंबर की मार्च यावर त्या चार वर्षं भांडतील, तोवर तो दारात रेघा ओढत बसेल."

"मी तुला राहा म्हणणार नाही," मी म्हणाले. "जा असंही म्हणणार नाही. मी तुझ्यासाठी प्रार्थना करतेय, एवढंच."

"कशाची?"

मी उठून रिकामी बादली आत नेली. खरं सांगायचं तर तू सुटावास अशी. अकरा वर्षं तीच.

दोनची बस गावातून गेली तेव्हा तो कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी बांधत होता. वर पाहिलं नाही. मी आत जाऊन मिरेलाला फोन केला. ते तिला सांगायचं काम त्यानं माझ्यावर टाकलं होतं, आणि त्याबद्दल मी अजून त्याच्यावर थोडी रागावलेली आहे.

एकोणीसला तो पाणी घेऊन गेला तेव्हा इलारिए दारातच उभा होता. हे गाव्रिलनंच मला सांगितलं. इलारिए म्हणाला, "काल गेला नाहीस." गाव्रिल म्हणाला, "नाही." इलारिएनं बादली घेतली, देव तिला क्षमा करो म्हटलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा बादली स्वतः धुऊन परत दिली.

वीस तारखेला शनिवार होता. फादर दोरिननी प्रार्थना केली, मी मेलेल्यांच्या नावानं शिजवतात तो गोड गव्हाचा कोलिवा सगळ्यांना वाटला. झऱ्यावर साव्हेतामावशी, गिरणीतले चार जण, आम्ही. गाव्रिलनं शेवटचं पाणी सोडलं आणि भोपळ्याच्या कवटीत मेणबत्ती लावून प्रवाहात ठेवली. इलारिएला रीतीप्रमाणे तीनदा विचारलं, साक्षी आहेस का?

"आहे," तो तिन्ही वेळा म्हणाला. "गाव्रिलनं पाणी आणलं. अकरा सप्टेंबर ते आज. चाळीस." तारखा म्हणायची रीत नाही. त्यानं त्या मुद्दाम म्हटल्या, सगळ्यांसमोर, आणि गाव्रिलनं मान हलवली.

सोमवारी सकाळी गाव्रिल एकटाच शहरात गेला. त्यानं वकीलबाईंना सांगितलं, मला लिहून द्यायचंय. ज्या गुन्ह्यासाठी आणलं नाही त्याचाही खटला चालवा, मी ते संरक्षण सोडतो. तसं लिहून देता येतं, हे त्याला तुरुंगातच कुणीतरी सांगितलं होतं. वकीलबाईंचा मला लगेच फोन आला.

"तुमचा भाऊ वेडा आहे का हो? मार्चचा मुद्दा माझ्या हातात होता! वरच्या कोर्टापर्यंत नेला असता, कदाचित लक्झेंबर्गच्या युरोपीय कोर्टापर्यंत. सगळ्या देशांना उत्तर मिळालं असतं."

"हो," मी म्हणाले. "पण किती वर्षांनी?"

त्या मग म्हणाल्या, "न्यायाधीशांनी त्याला तीनदा विचारलं, समजून सही करतोस का. तीनदा हो म्हणाला."

खटला फेब्रुवारीत चालला. मी मागच्या बाकावर बसले होते, उपास होता, पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. न्यायाधीशबाई तरुण होत्या. त्यांनी इलारिएला उभं केलं आणि म्हणाल्या, "काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा. घाई नाही."

इलारिएनं टोपी दोन्ही हातांत धरली. "साखळी निसटली नव्हती," तो म्हणाला. "सगळे म्हणतात निसटली. मीसुद्धा काही वर्षं तसंच म्हणायचो, लोकांना बरं वाटावं म्हणून. गाव्रिलनं मला विचारलं, तू सांगितलंस का वनरक्षकाला? मी म्हटलं, नाही. त्यानं मान डोलावली. मला वाटलं, पटलं त्याला. मी करवतीकडे वळलो, बटण बंद करायला. हाक मारली म्हणून परत पाहिलं. तेव्हा साखळी मारली."

"हाक मारली?"

"माझं नाव घेऊन."

न्यायाधीशबाईंनी गाव्रिलकडे पाहिलं. तो उभा राहिला. अकरा वर्षं मी ज्याच्या सुटकेसाठी रोज उभ्यानं स्तोत्र म्हटलं, त्याचा चेहरा मी त्या क्षणी नीट पाहिला.

"खरं आहे," तो म्हणाला. "मी हाक मारली. तोंड वळवावं म्हणून."

मला ते माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

चार वर्षांची शिक्षा झाली. गाव्रिलला घेऊन जाताना त्यानं मला इटालियनमध्ये काहीतरी म्हटलं, घाईत भाषा चुकली असावी, आणि दार बंद झालं. मिरेला मुलीला घेऊन बाहेर उभी होती. माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

बसस्थानकावर इलारिए माझ्या शेजारी येऊन बसला. गावची बस यायला अर्धा तास होता. थंडी होती. त्यानं टोपी कानांवर ओढली.

"अकरा वर्षं मी ते मनात घोकत होतो," तो म्हणाला. "वाटायचं, पूर्ण दिवस लागेल सांगायला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत."

"बरं वाटलं का, इलारिएदादा?"

त्यानं विचार केला. "ठाऊक नाही. भूक लागली."

माझ्या पिशवीत भाकर होती, सकाळी निघताना घेतलेली. मी ती मोडून अर्धी त्याला दिली. त्यानं खाल्ली. मी अर्धी हातात धरून बसले, सूर्य मावळेपर्यंत उपास सोडायचा नव्हता.